पिशवी काढायची घाई कशाला?

प्रश्न : वय ३९. पाळीत अंगावरून फार जातं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत ३ सेंमीची फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. मी केळीच्या बागेत मजुरीला जाते. काय करू? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, अशा गाठीचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ. त्या भीतीपोटी सही करू नका. शंका असेलच तर पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची) करा, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगा. गाठ अस्तराकडे आहे की बाहेरच्या बाजूला, तेही विचारा. रक्तस्राव बराचसा त्यावर ठरतो, नुसत्या सेंटीमीटरवर नाही. पाळीपुरत्या घ्यायच्या गोळ्या किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी यांनी अनेकींचं भागतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळी सुरू करा, पण चहासोबत नको. चहा लोह अंगी लागू देत नाही.

ऑपरेशन ठरलंच, तर ‘अंडाशय ठेवणार ना?’ हे आधी विचारा. दोन्ही काढले की पाळी गेल्याचा त्रास लगेच सुरू होतो, हाडंही ठिसूळ होतात. पुढे साधारण ६ आठवडे केळीचा घड उचलायचा नाही, तेवढी मजुरी बुडेल हे धरून चाला. रिपोर्टची फाइल मात्र स्वतःकडेच ठेवा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला लागते.