अक्षौहिणी म्हणजे नेमके किती?

इंदूरच्या टिळकनगरातल्या एका वहिनींनी विचारले आहे : “रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर ‘अक्षौहिणी गर्दी’ होती, असे मी लिहिले. लेक म्हणते, संधीच्या नियमाने ‘अक्षोहिणी’ हवे. खरे काय?”

वहिनी, तुमचा ‘औ’ बरोबर आहे. ‘गर्दी’ मात्र चुकली, आणि ही चूक मी इंदुरात दर गणेशोत्सवातल्या भाषणांत ऐकतो. अक्षौहिणी म्हणजे ‘अगणित’ नव्हे. ती सैन्याची मोजून मांडलेली संख्या आहे : 2,18,700.

एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, मिळून दहांची पत्ती, म्हणजे सैन्याची सर्वांत लहान तुकडी. तिची सात वेळा तिप्पट करत जा : सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. अशा दहा अनीकिनी म्हणजे अक्षौहिणी. म्हणून ही संख्या म्हणजे तीनाचा सातवा घात, 2187, गुणिले शंभर. दोन, तीन आणि पाच यांखेरीज कुठलाही मूळ अवयव तिच्यात नाही. कौरवांच्या 11 आणि पांडवांच्या 7 धरून अठरा अक्षौहिणी होतात 39,36,600, म्हणजे तीनाचा नववा घात गुणिले दोनशे! 2,18,700 च्या अंकांची बेरीज अठरा येते म्हणून त्यात गूढ शोधणारे मला पटत नाहीत. नवाने भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीतच येणार. अठराही अक्षौहिणींची एकत्र संख्या घेतली तर तीच बेरीज 27 भरते.

खरी गंमत ‘अक्ष’मध्ये आहे. इथे अक्ष म्हणजे गाडीचा कणा. बैलगाडीचा आस तो हाच, आणि पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तोही हाच. ऊहिनी म्हणजे समूह. काही कोशकार ‘इंद्रियांचा समूह’ अशीही फोड देतात. सैन्याच्या मोजणीत इंद्रिये कुठून आली? माझे मत ठाम आहे : प्रत्येक पत्तीत रथ एकच, म्हणून आस मोजले की पत्त्या मोजल्या गेल्या. 21,870 आस, तितक्याच पत्त्या. मोजणीची ही रीतच शब्दाच्या पोटात बसली आहे.

आता लेकीचा मुद्दा. तिचा नियम खरा आहे. नव + ऊढा = नवोढा, तसे अक्ष + ऊहिनी = अक्षोहिणी व्हायला हवे होते. पण संस्कृत व्याकरणकार कात्यायनाने याच शब्दासाठी वेगळे वार्तिक, म्हणजे पूरक नियम, लिहिले, ‘अक्षादूहिन्यामुपसंख्यानम्’, आणि ‘औ’ पक्का केला. प्र + ऊढ याचे ‘प्रोढ’ न होता ‘प्रौढ’ होते, तेही अशाच अपवादाने. लेकीला हे जरूर सांगा, तिला आवडेल.

आणि पाच डॉक्टरांना ‘वैद्यकीय चमू’ म्हणणाऱ्या बातमीदारांनाही कोणीतरी सांगा की हिशेबाची चमू 7290 ची असते. शिवाय ती स्त्रीलिंगी आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना ‘महतीं चमूम्’ दाखवतो.