धरणाखाली गेलेली वाडी जुन्या नकाशावर सापडेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या आजीचं माहेर म्हणजे पळसदेवजवळची एक वाडी, उजनीच्या पाण्यात गेली. आजी आता ८१ वर्षांची आहे, ती सांगते की दारातून नदी दिसायची, विहिरीपाशी चिंच होती, नदीपलीकडून आगगाडीची शिट्टी ऐकू यायची. गूगल मॅपवर बघितलं तर नुसतं निळं पाणी. भावकीत कोणाकडे एक कागद नाही. एक मित्र म्हणाला जुनी टोपोशीट बघ. ती कुठं मिळते आणि त्यात आजीचं घर खरंच सापडतं का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : घर नाही सापडणार, पण वाडी सापडेल आणि नशीब असेल तर विहीरसुद्धा. आजी आहेत तोवर हे काम करून घ्या, अगदी या महिन्यात, कारण नकाशा वाडी कुठं होती ते सांगतो पण ती कोणाची होती ते फक्त आजी सांगणार.

टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे. जुने एक इंचाला एक मैल या मापाचे, मेट्रिक आल्यावर १:५०,००० झाले, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. प्रत्येक शीटला नंबर असतो, पुणे शहर ४७ एफ/१४ वर आहे, तुमचा भिगवण-पळसदेवचा पट्टा ४७ जे मध्ये येतो आणि इंदापूर गाव शेजारच्या ४७ एन मध्ये, त्यामुळे दोन-तीन शीट शेजारी ठेवून बघाव्या लागतील. सर्व्हे ऑफ इंडियाचं पुण्यात ऑफिस आहे, तिथं चौकशी करा, पण नवीन शीट घेऊन उपयोग नाही, त्यावरही पाणीच दिसणार. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं, तुम्हाला त्याआधीच्या सर्व्हेची शीट पाहिजे. आणि इथं खूप जण फसतात, नकाशावर छापल्याचं वर्ष वेगळं असतं आणि सर्व्हे केल्याचं वर्ष वेगळं, दोन्हींत कधीकधी बरीच वर्षं जातात, सर्व्हेचं वर्ष समासात बारीक अक्षरात असतं, आधी ते वाचा. घरबसल्या फुकटात बघायचं असेल तर अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसचे १९५०च्या दशकातले १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेत, त्यात छोट्या वाड्या सगळ्या नाहीत पण धरणाआधीची भीमा आणि रेल्वेलाईन कशी जात होती ते कळतं.

नाव शोधताना स्पेलिंगवर जाऊ नका. इंग्रजांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय, ‘देव’चं ‘देओ’ होतं, वाडीत व कधी डब्ल्यूने तर कधी व्हीने. बुद्रुक आणि खुर्द हे नुसत्या दोन-दोन अक्षरांत असतं, बी-के आणि के-एच. बांधीव विहीर आणि कच्ची विहीर यांच्या खुणा वेगळ्या, देवळाची वेगळी, ओसाड गावाची वेगळी.

आता आजींसमोर नकाशा कसा ठेवायचा ते सांगते, कारण माझ्या मावशीच्या वेळी मी आधी चूक केली होती. मी तिला मोबाइलवर झूम करून दाखवत बसले, तिला काही कळेना. मग मोठी प्रिंट काढून जमिनीवर पसरली आणि गावाचं नाव न सांगता फक्त नदीवर तिचं बोट ठेवलं. मावशीला इंग्रजी येत नाही, पण बोट नदीवरून सरकत सरकत गेलं आणि एका ओढ्याच्या तोंडाशी थांबलं, म्हणाली हा आमचा उतार, इथून आम्ही बाजाराला जायचो. नकाशावर तिथं खरंच नदी पायी ओलांडायची खूण होती. तिथून पुढं कोणाचं घर कुठं, देवळाचं तोंड कुठं, सगळं यायला लागलं, मी पेन्सिलने लिहीत गेले. तुम्ही रेल्वेपासून सुरू करा. डिकसळचा जुना पूल आधी रेल्वेचाच होता, धरणामुळे लाईन हलली, तेव्हा आजींची शिट्टी त्या जुन्या लाईनवरची असणार.

जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवलात तर तो आपल्या भागात शंभर मीटरच्या वर सरकलेला दिसेल, कारण जुन्या नकाशांचं पृथ्वीच्या आकाराचं गणित (जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज सर्व्हेअरचं) आणि जीपीएसचं गणित वेगळं आहे. म्हणून न हललेल्या गोष्टी जुळवा, डिकसळचा पूल, टेकडीवरचा त्रिकोणमितीचा पॉइंट (सर्व्हेवाल्यांनी मोजणीसाठी धरलेली पक्की जागा), पळसनाथाचं देऊळ, जे पाणी आटलं की वर येतं. उन्हाळ्यात तिकडं गेलात तर स्थानिक मच्छीमार सोबत घ्या, वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो.

कागद एकही नाही असं मला वाटत नाही. टोपोशीटवर मालकाचं नाव किंवा सर्व्हे नंबर नसतो, त्यासाठी भूमी अभिलेखमधला गाव नकाशा आणि जुने फेरफार बघा. आणि भूसंपादनाचा निवाडा मागा! धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला ठरवताना विहीर, झाडं, बांधकाम सगळं मोजलेलं असतं. ती चिंच कदाचित तिथं लिहिलेली असेल. तुमच्या इंदापूर तालुक्यातच १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणी सुरू केली, तीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली, म्हणजे तुमच्याकडं जमिनीचं लिखाण फार जुनं आहे.

प्रश्न : आम्ही चार पिढ्या इंदूरमध्ये. आडनाव गावावरून पडलंय पण त्या नावाची तीन गावं निघाली. आमचं कोणतं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : तिन्ही गावांच्या जुन्या शीट घ्या आणि कुलदैवताचं ठाणं तिथून किती लांब, कोणत्या वाटेने, ते बघा. गावाचं पूर्वी वेगळं नाव होतं का तेही तपासा. पण नकाशावरून एकदम ठरवू नका, त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत पूर्वजांच्या नोंदी मिळतात, तिथं आधी आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा, गाव लिहिलेलं सापडलं तर मग नकाशा उघडा.