गोव्यात ग्रॅव्हल सायकल: द्राक्षमळे विसरा, खाजन आणि काजू धरा

"नाशिकजवळच्या दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांतून ग्रॅव्हल सायकलवर (कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची) मनसोक्त फिरलो, आता गोव्यात तीन दिवस तसंच काही करायचंय. मळे, जुनी गावं, कच्चे रस्ते. ४० मिमीचे टायर पुरतील का, आणि खाणींचे लाल रस्ते कसे आहेत?" असा तुमचा प्रश्न. मी फोंड्याचा. दहा-अकरा वर्षं याच रस्त्यांवर टायर झिजवतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मळे पहिल्यांदा डोक्यातून काढा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि बाकीच्या महिन्यांतही हवेतला दमटपणा काही जात नाही. द्राक्षाच्या वेलीवर बुरशी तेवढी जोमात येईल. दुकानात गोव्याची म्हणून जी पोर्ट वाईन मिळते, तिची द्राक्षं महाराष्ट्र-कर्नाटकातून येतात. तेव्हा तुम्हाला मळ्यांत जे आवडलं, म्हणजे माणसाच्या हाताने घडलेली जमीन आणि तिच्यातून जाणारी वाट, ते इथे दोन ठिकाणी सापडेल: नदीकाठच्या खाजनात आणि डोंगरउतारावरच्या काजूत.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. मांडवी-जुवारी नद्यांच्या काठाने फिरताना एका बाजूला कांदळ आणि खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेत आणि मध्ये दीड-दोन मीटर रुंदीचा मातीचा बांध असं दिसलं की समजा तुम्ही खाजनावर आहात. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार, लाकडी झडपांचं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना मोटर. आत कोरगुट पिकतं, म्हणजे खारटपणा सोसणारं भात. मानशीजवळच्या खोलगट पाण्यात मासे आणि सुंगटं (झिंगे) मिळतात, आणि तिथे जाळं लावायचा हक्क गावात लिलावाने जातो. सकाळी साडेसहाला, धुकं उठायच्या आत, अशा बांधावरून सायकल चालवण्यासारखं सुख नाही. बगळे दहा फुटांवर येईपर्यंत हलत नाहीत.

पण इथेच माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवसांनी ऊन पडलं, आम्ही चौघे निघालो आणि तिसवाडी तालुक्यातल्या एका बांधावर चढलो. वरून माती सुकलेली, आतून लोणी. चाकं तीन-चार इंच रुतत होती आणि आम्हाला त्याचीच मजा वाटत होती. पलीकडच्या टोकाला एक म्हातारबाबा फावडं घेऊन उभे. ओरडले नाहीत. आमच्या मागच्या चार चाकोऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "कुर्ल्यो पुरो नात काय? आतां तुमी आयल्यात!" (कुर्ल्या पुरे नव्हत्या काय? आता तुम्ही आलात!) कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात, त्यातून पाणी झिरपतं, आणि एखाद्या मोठ्या भरतीला तिथेच भगदाड पडतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढचे काही हंगाम ते शेत हातचं जातं. आमच्या चाकोऱ्यांत पाणी साचून तेच झालं असतं. पुढच्या रविवारी आम्ही चौघे घमेली घेऊन गेलो, चिखल लिंपला. बाबांनी चहा दिला, पण शाबासकी नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. बांधावर चढण्याआधी अंगठा दाबून बघायचा. रुतला तर उतरून चालायचं किंवा आतल्या डांबरी रस्त्याने जायचं. म्हणून बांधांसाठी डिसेंबर-जानेवारीच या. भात निघालेलं असतं, माती कडक असते. वाटेत कोणी काम करत असेल तर थांबून विचारा. "काका, हांगाच्यान वचूं?" (इथून जाऊ का?) एवढं कोकणी पुरतं. नाही म्हणाले तर नाही.

पहिला दिवस दिवाडी बेटाला द्या. जुन्या गोव्यात सगळे चर्चकडे वळतात, तुम्ही सरळ व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा आणि फेरीत चढा. सायकलीचे पैसे मला आजवर कुणी मागितलेले नाहीत. बेटावर पियेदाद, मालार, सां मातियस अशी गावं, टेकडीवर चर्च, खाली चारही बाजूंना खाजन. अंतर थोडं आहे, पण घाई करू नका, उन्हं चढेपर्यंत रेंगाळा. मग बेटाच्या उत्तरेच्या धक्क्यावरून नार्व्याची फेरी धरा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, तेव्हा लोकांनी देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ उभारायला लावलं. दिवाडीवरच्या जुन्या जागेलाही नार्वे म्हणतात, पलीकडच्या गावालाही नार्वेच. देव ज्या पाण्यावरून गेला, त्यावरून तुम्ही पाच मिनिटांत सायकलसकट जाता. देऊळ लहानसं आहे, कौलारू. गर्दी बहुधा नसतेच. तिथून मये तळ्यापर्यंत बारीक रस्ते आहेत, चढउतार बरे.

दुसरा दिवस कुशावती नदी धरून. मडगावहून कुडतरी, तिथली तळी आणि तळ्याकाठचं सांत आलेक्स चर्च बघून चांदर. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. लोक मेनेझिस ब्रागांझांचा वाडा बघून परततात. वाडा बघाच, पण गावातच उत्खननाची एक कुंपण घातलेली जागा आहे, तिथे डोकं नसलेला नंदी बसलाय. मला त्या अख्ख्या वाड्यापेक्षा तो नंदी जास्त आठवतो. पुढे केपे, तिथे १७८७ साली बांधलेला डीनचा (चर्चच्या मोठ्या पाद्रीचा) वाडा नदीकडे तोंड करून आहे. मग रिवणच्या बाजूने उसगाळीमळ. इथे कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट दगडावर बैल, हरणं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. १९९३ साली ही चित्रं जगासमोर आली, गावातल्या लोकांना अर्थातच आधीपासून माहीत होती. सायकल रस्त्याच्या कडेला ठेवून पायी जा, बूट काढून फिरलात तर उत्तम. त्या दगडावर टायरचे ठसे उठलेले मी बघितलेत, आणि सायकलवाला म्हणून मलाच लाज वाटली. जाऊन-येऊन ७०-८० किलोमीटर धरा. केप्यानंतर चढ लागतात, आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, त्यामुळे पाणी आणि खाणं केप्यालाच भरून घ्या. भाजी-पाव खाल्लात तर पातळ भाजी मागा, सोबत मिरची.

खाणींच्या रस्त्यांचं थोडक्यात. फोटोत ते फार देखणे दिसतात. प्रत्यक्षात चालू असतील तर खनिजाचे ट्रक आणि डोळ्यांत लाल पीठ, बंद असतील तरी जागा कुणाच्या तरी ताब्यातली. पाण्याने भरलेल्या खाणींच्या कडा ढासळतात. मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

तिसरा दिवस सत्तरी तालुक्याचा, वाळपईच्या आसपास, पण त्यासाठी खरं तर वेगळ्या महिन्यात यावं लागेल. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्च ते मे. मार्चच्या उत्तरार्धात सकाळी डोंगरावर गेलात तर वाट दिसायच्या आधी वास येतो, आंबटगोड, नाकात चढणारा. झाडाखालची जागा झाडून लख्ख केलेली असते, कारण फेणीसाठी, म्हणजे काजूच्या दारूसाठी, काजूचं बोंड तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलंच उचलतात. त्या झाडलेल्या जागेतून सायकल घालू नका. पुढे एखादी कोळंबी लागेल, म्हणजे बोंडं तुडवायची जागा. तुडवलेल्या चोथ्याचा गोळा करून त्यावर जड दगड ठेवतात आणि त्यातून थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. सकाळी प्या, अमृत. दुपारपर्यंत तो स्वतःच बदलायला लागतो. रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर गाळला की उर्राक, आणि उर्राक पुन्हा गाळला की फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भट्टीवाल्याने प्रेमाने उर्राक पुढे केला तर लक्षात असू द्या, तो सरबतासारखा लागतो आणि उतारावर कळतो. मी एकदा लिंबू पिळून दोन पेले घेतले आणि पुढचे चार किलोमीटर सायकल हातात धरून चाललो. मार्चात ऊन भयंकर असतं, साडेनऊला परत फिरायचं. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

आता टायर. ४० मिमी पुरतात, पण ट्यूबलेसच घ्या. माझं वजन ७२ किलो, मी हवेचा दाब पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय ठेवतो. सुक्या जांभ्यावर वाटाण्याएवढे गोल खडे असतात, छऱ्यांवरून चालवल्यासारखं वाटतं. वळणावर ब्रेक लावायचा नाही, वळणाआधीच वेग उतरवायचा. काजूच्या पाचोळ्याखाली चिऱ्याचे तुकडे दडलेले असतात, टायरची बाजू (साइडवॉल) तिथेच फाटते. एक बूट-पॅच, म्हणजे फाटलेल्या टायरला आतून लावायचा जाड तुकडा, जवळ ठेवा. गिअर तुमचे नाशिकचेच चालतील. खाऱ्या हवेने चेन मात्र दोन दिवसांत तांबारते, रोज रात्री पुसून तेल घाला.

कुत्र्यांचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. गावात ती घोळक्याने येतात. सायकल पळवू नका, उतरून ती मध्ये धरा आणि चालत राहा, त्यांची हद्द संपली की ती थांबतात.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला येते. सायकल सामान म्हणून बुक करा, हँडल वळवून पेडल काढा आणि डिरेल्युअरला (मागचे गिअर बदलणारा भाग) पुठ्ठा बांधा. डिसेंबरात येणार असाल तर तारीख इथेच कळवा. दिवाडीच्या पहिल्या फेरीला मी येईन.