वाचकांचे प्रश्न: देव मानून उत्क्रांती मानता येते का?

प्रश्न (चोपडा): आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कानबाई (खानदेशातली देवी) बसते. मुलगी दहावीत आहे. उत्क्रांतीचा धडा झाल्यापासून ती म्हणते, माणूस देवाने घडवलेला नाही. तिचे आजोबा म्हणतात, हे सगळं दशावतारात आधीच आहे आणि ब्रह्मदेवाच्या दिवसाची वर्षं पृथ्वीच्या वयाशी जुळतात. खरं कोणाचं?

उत्तर: आधी आजोबांचा मुद्दा घेऊ. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम उत्क्रांतीसारखा वाटतो खरा. पण एका अवतारातून पुढचा अवतार जन्माला येत नाही. प्रत्येक अवतार वेगळ्या कार्यासाठी होतो आणि ते कार्य संपलं की अवतार संपतो. उत्क्रांतीचा सगळा भर तर वंश पुढे चालण्यावर आहे.

वर्षांचा हिशेबही नीट मांडून पाहू. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, तो ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. आकडे जवळचे आहेत. मात्र ४३२ कोटी ही अख्ख्या कल्पाची लांबी झाली, त्यातला काही भागच सरला आहे. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे’ म्हणतात. त्याप्रमाणे सहा मन्वंतरं (कल्पाचे मोठे टप्पे) संपून सातव्यातलं अठ्ठाविसावं चतुर्युग (चार युगांचा फेरा) चालू आहे. मन्वंतरांच्या सांध्यावरचा संधिकाळ धरून बेरीज केली की कल्प सुरू होऊन १९७ कोटी वर्षं झाली, असं निघतं. म्हणजे पंचांगाच्याच गणिताने ही जुळणी टिकत नाही. श्रद्धेला अशा आकड्यांचा टेकू देऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. टेकू निसटला की पोरांचा श्रद्धेवरचाच विश्वास उडतो.

आता मुलीबद्दल. देव नाही असं उत्क्रांतीचा सिद्धांत सांगत नाही. सजीवांचे पूर्वज समान आहेत आणि पिढ्यांगणिक बदल साठत जातात, एवढंच तो सांगतो. आजच्या माकडापासून माणूस झाला, असंही त्यात नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एक सामाईक पूर्वज होता आणि त्यांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. चिंपांझीत गुणसूत्रांच्या (पेशीतल्या, जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या) २४ जोड्या, आपल्यात २३. आपलं दोन क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून बनलं आहे. जो मजकूर एरवी गुणसूत्राच्या टोकांना असतो, तो इथे मधोमध सापडतो. प्रत्येक गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू (पेशी विभागताना ते जिथून ओढलं जातं ती जागा) असतो, इथे बंद पडलेल्या दुसऱ्याच्या खुणाही आहेत.

एका ठिकाणी मात्र तडजोड होत नाही, ते स्पष्ट सांगायला हवं. प्रत्येक प्राणी आज आहे तसाच, वेगळा घडवला गेला, असं अक्षरशः मानलं तर ते पुराव्याच्या विरुद्ध जातं. सृष्टीच्या मुळाशी ईश्वर आहे आणि ती या नियमांनी चालते, असं मानणाऱ्याची अशी अडचण होत नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून झाली हे विचारतं आणि परम आकाशात बसलेल्या अध्यक्षाला तरी ते ठाऊक असेल, की त्यालाही नसेल, इथे थांबतं. घरात हे सूक्त आजोबांनी आणि नातीने एकत्र वाचावं.

प्रश्न (नवापूर): आम्ही ख्रिस्ती आहोत. सहा दिवसांत सृष्टी झाली हे सोडून द्यायचं का?

उत्तर: ते सहा दिवस घड्याळाचे धरायचे की नाही, यावर चर्चमध्ये फार जुन्या काळापासून मतभेद आहेत. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली, मात्र आत्मा देवच निर्माण करतो हे कायम ठेवलं. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही नुसत्या कल्पनेपेक्षा अधिक आहे, असं सांगितलं. प्रार्थना सोडायची गरज नाही.

प्रश्न (शिरपूर): लाखो वर्षांचं कोणी पाहिलंय? आमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी पुन्हा आली. गावात कोणी देवाचा कोप म्हणतं, कोणी म्हणतं अळीला बीटीची सवय झाली.

उत्तर: उत्क्रांती बघायची तर तुमचंच वावर पुरेसं आहे. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, आपल्याकडे २००२ साली आली. अशा विषाची दोन जनुकं असलेली २००६ मध्ये आली. तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. कोणत्याही एका अळीला सवय होत नाही. विष पचवणाऱ्या मूठभर अळ्या लाखोंमध्ये आधीच असतात. बाकीच्या मरतात, या उरतात, आपसात जुळतात आणि एका हंगामात तीन-चार पिढ्या होतात. शिवाय गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते, त्यामुळे तिच्यात विषाला बळी पडणाऱ्या पतंगांचा साठा शिल्लक राहतो.

तो साठा मुद्दाम राखायचा म्हणूनच बिगर-बीटी बियाणं होतं. ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. ती कडेच्या पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रात, जे जास्त असेल त्यात पेरायची. तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात, कारण प्रतिकाराचं जनुक दोन्हीकडून आलं तरच अळी तगते. अनेकांनी ती पुडी बांधावर फेकली. पुढे ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ टक्के बिगर-बीटी मिसळूनच येऊ लागलं.

आता करायचं ते असं. बागायती कपाशीची मे महिन्यातली लागवड टाळा, लवकर आलेल्या फुलांवर पहिल्या पिढीचं पोट भरतं. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग मिळाले तर फवारणीची वेळ आली. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल म्हणजे डोमकळी, ती तोडून अळीसकट नष्ट करा. बोंडं बाहेरून धडधाकट दिसतात, म्हणून वीस हिरवी बोंडं फोडून बघा. दोनांत अळी सापडली तरी नुकसानीची पातळी गाठली. आणि फरदडीचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे राखण्याचा, मोह नको. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटा. ती बांधावर रचून ठेवली तर किडक्या बोंडांतली अळी तिथेच दम धरते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन तुमच्याच वावरात उतरते.