ट्रेकिंगच्या छोट्या स्टोव्हला लांबडा ब्युटेन कॅन चालतो का?

चालतो, पण तीन पायांचा अडॅप्टर घ्या, कारण तुमच्या स्टोव्हला आटे असतात आणि लांबड्या कॅनला नुसती खाच. कॅन आडवा ठेवायचा आणि खाच वरच्या बाजूलाच, नायतर आतली नळी बुडते, लिक्विड थेट बर्नरला येतं आणि पिवळी ज्योत भसकन वर उडते. आधी घरी अंगणात जोडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला तर तो अडॅप्टर वापरूच नका. आणि हो, साधं ब्युटेन ०° च्या आसपास वाफच धरत नाही, डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा लेककडं पहाटे दव गोठतं तिथं चहासुद्धा होणार नाही, म्हणून कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. रिकामा कॅन घरी भरत बसू नका, प्लीज.