जेलवरच्या सिरीजमध्ये दाखवतात तसं खरंच असतं का? एवढी मारहाण दाखवायची गरज असते का, आणि त्यातलं बघण्यासारखं काय आहे?

मारहाण खरी असते. 1996 मध्ये डी. के. बसू केसमध्ये सुप्रीम कोर्टाला अटक केल्यावर नातेवाइकांना कळवा, कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासून घ्या असं एकेक कलम लिहून द्यावं लागलं, आणि 2020 मध्ये परत त्याच कोर्टाला सांगावं लागलं की प्रत्येक पोलीस स्टेशनात, लॉकअपमध्येसुद्धा, सीसीटीव्ही लावा. आत काही होतच नसतं तर कोर्टावर ही वेळ कशाला आली असती? त्यामुळे "फार भडक दाखवतात बुवा" असं कोणी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

माझी तक्रार वेगळी आहे. या सिरीजमध्ये जेल म्हणजे डॉन, टोळ्या, घासून धार काढलेला चमचा, आणि आतला प्रत्येक जण काहीतरी करूनच आलेला. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, आकडे बघा, 2022 च्या शेवटी देशभरातल्या जेलमध्ये 5,73,220 लोक होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नाही, ते नुसते तारखेची वाट बघत बसलेत. त्यांच्यावर सिरीज कोण काढणार, त्यात काही घडतच नाही ना.

माझा दादा असाच बसला होता. कंपनीच्या गेटवर मारामारी झाली, हा सोडवायला मध्ये पडला, फिर्यादीत याचंही नाव आलं आणि 307, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं. मुलाखतीला गेलं की जाळीच्या अलीकडे आम्ही आठदहा घरची माणसं एकदमच ओरडतोय, पलीकडे ते ओरडतायत, कोणाला कोणाचं धड ऐकू येत नाही. मी केसचं सांगायला जायची आणि तो चपलेचा अंगठा तुटलाय, नवीन आण एवढंच परत परत सांगायचा. बराकीत रात्रभर दिवे चालू आणि झोपायला जागा इतकी कमी की एका कुशीवर झोपायचं, कूस बदलायची तर शेजारच्यालाही बदलावी लागते. आणि तारीख! आम्ही सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभे, पुकारा होतो, आरोपी हजर नाही, का तर जेलमधून आणायला पोलीस पार्टीच मिळाली नाही. पुढची तारीख. एकाही सिरीजमध्ये मी हे बघितलेलं नाही.

आणि खरा कहर पुढेच झाला. जामीन मंजूर झाला! आई देवाजवळ साखर ठेवून बसली, आम्हाला वाटलं संध्याकाळपर्यंत घरी. पण जामीनदार लागतो, त्याच्या नावावर सातबारा नाहीतर सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, लागते, आणि आमच्या अख्ख्या घरात सातबारा फक्त काकांच्या नावावर. काका म्हणाले, "उगाच कोणाला आत टाकत नाहीत, मी माझ्या कागदाला हात लावू देणार नाही." सख्खा पुतण्या, लहानपणी यांच्याच खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. जामिनाची ऑर्डर हातात असूनही दादा आतच राहिला आणि शेवटी जामीन राहिला तो त्याच्या कंपनीतला एक वॉचमन, ज्याचं आमचं रक्ताचं काही नातं नाही. नंतर दादा निर्दोष सुटला तेव्हा काका पेढे खायला आले होते. हेच काका आता रात्री दोनदोन वाजेपर्यंत जेलच्या सिरीज बघतात आणि सकाळी आम्हालाच सांगतात की बिचाऱ्या निरपराध लोकांचे काय हाल होतात. मला त्यांच्यासमोर बसवत नाही.

बघायचंच असेल तर तमिळ सिनेमा 'विसारणै' बघा. कोइंबतूरच्या एम. चंद्रकुमार नावाच्या रिक्षावाल्यानं आंध्रातल्या लॉकअपमध्ये स्वतः जे सोसलं त्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून घेतलाय. त्यातली मारहाण बघवत नाही आणि बघवू नयेच. आणि मराठीतला 'कोर्ट' बघा, त्यात एक बाई स्लीव्हलेस घालून आली म्हणून जज तिची केस पुढे ढकलतो. आवाज न चढवता अन्याय कसा होतो ते त्यात दिसतं. लोक म्हणतात स्लो आहे. कोर्ट स्लोच असतं!

कोणाच्या घरचं माणूस आत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसला, कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. आमच्या वेळी हे नव्हतं. प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, तिथे जाऊन अर्ज द्या, आपोआप होईल म्हणून थांबू नका. मी वकील नाही, तुमच्या केसचं वकिलालाच विचारा.

आणि जामीनदार व्हायला जे घाबरतात त्यांना एवढंच, की तुम्ही "हा निर्दोष आहे" अशी हमी देत नसता, "हा तारखेला हजर राहील" एवढीच देता. तो पळाला तर बॉन्डची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, पण सही केली की जमीन गेली असं काही नसतं. काकांना मी हे अंगणात उभी राहून समजावलं होतं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. तुमच्या दारात कोणी आलं तर निदान पूर्ण ऐकून घ्या आणि माणूस ओळखीचा असेल तर सातबारा काढून द्या. अर्थात तो तारखा बुडवणारा नाही एवढी खात्री तुम्हाला असेल तरच.