थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला मित्रांबरोबर स्मोकी माउंटनला केबिन घेऊन राहणं वर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये अटलांटाला मास्टर्सला आलात, थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा इथला सण) कॅम्पस ओस पडतो म्हणतात, मेस बंद, रूममेट कुठे ना कुठे जाणार, आणि पाच-सहा जण मिळून स्मोकीजला, म्हणजे टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कजवळ, केबिन घ्यायचा विचार आहे पण खर्च बघून मन मागेपुढे होतंय. माझं ऐकाल तर जा, नक्की जा. मी मूळची कोल्हापूरची, अटलांटात सातवं वर्ष, आणि याच वीकेंडला याच डोंगरात चारदा जाऊन आलेय, कधी आठ जण कधी अकरा, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः करून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एकच सांगते. केबिन निवडताना सगळे हॉट टब, व्ह्यू, पूल टेबल बघतात. तुम्ही किचन बघा. ओटा केवढा, ओव्हन नीट आहे का, मोठी पातेली आहेत का, आणि सगळे एकत्र बसतील एवढं टेबल आहे का. कारण गुरुवारी बाहेर जवळपास सगळं बंद असतं (वॉलमार्टसुद्धा २०२० पासून त्या दिवशी बंद ठेवतात), अंधार साडेपाचच्या आसपास पडतो, बाहेर थंडी मरणाची, म्हणजे तुमचे निम्म्याहून जास्त तास त्या किचनमध्येच जाणारेत. हॉट टब तिकडे बहुतेक केबिनला असतोच, त्यासाठी वेगळं शोधायला लागत नाही.

आमचं पहिलं वर्ष सांगते म्हणजे कळेल. आठ जण, दोन गाड्या, त्यात एक जोडपं सोलापूरचं, एक मित्र नागपूरचा, दोघी पुण्याच्या. टर्की (या सणाला करतात तो कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी) करायचीच असं ठरलेलं, चौदा पाउंडाची फ्रोझन टर्की बुधवारी सकाळी घेतली आणि डिकीत टाकली. संध्याकाळी पोचलो, पाकिटावरचं वाचलं तर फ्रिजमध्ये वितळवायला दर चार-पाच पाउंडाला एक अख्खा दिवस, म्हणजे तीन दिवस. जेवण तर उद्या. मग सोलापूरच्या वहिनींनी शोधून काढलं की पिशवीसकट थंड पाण्यात बुडवून ठेवायची, पाउंडाला अर्धा तास, आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलायचं. चौदा पाउंड म्हणजे सात तास. रात्री अकराला सुरू केलं आणि दोघादोघांच्या पाळ्या लावल्या, कारण अशी वितळवली की लगेच ओव्हनमध्ये घालावी लागते, ठेवून देता येत नाही.

माझी पाळी दोन ते साडेतीन, नागपूरच्या मित्राबरोबर. आमची ओळख तोवर नुसती हाय-हॅलोपुरती. सिंकमधलं पाणी सोडायचं, हात बधिर होईपर्यंत ती जड पिशवी उलटीपालटी करायची, नवीन पाणी भरायचं, फोनवर अर्ध्या तासाचा अलार्म, आणि मधल्या वेळात चहा. त्या दीड तासात त्याने मला त्याच्या आजीबद्दल सांगितलं. ती गेली तेव्हा त्याच्या व्हिसाचं काम अडकलेलं, भारतात गेला असता तर परत यायची खात्री नव्हती, म्हणून गेला नाही, अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघितला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसाउजेडी, हॉटेलात, ट्रेलवर असं बोलणं होत नाही हो, त्याला रात्री दोनची वेळ आणि हाताला काहीतरी काम लागतं.

सकाळी बटरमध्ये कांदा-लसूण मसाला कालवून तो टर्कीच्या कातडीखाली हाताने सारवला, वरून थोडा लिंबाचा रस, ३२५ फॅरनहाइटला साडेतीन तास. एक थर्मामीटर घ्याच, दहा-बारा डॉलरला मिळतो, मांडीच्या जाड भागात हाडाला न टेकवता खुपसायचा आणि १६५ दाखवलं की झाली. रंग बघून ठरवू नका, वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. शाकाहारी असतील तर त्यांच्यासाठी भरली वांगी, पण ती साईडला म्हणून नाही, टेबलाच्या मधोमध ठेवा. दाण्याचं कूट, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ सगळं घरूनच न्या, तिकडे इंडियन स्टोअर शोधत बसाल तर दिवस जाईल.

आणि हाडं टाकून देऊ नका! शुक्रवारी मी त्या हाडांचं अळणी पाणी काढते, आलं-लसूण, आख्खा गरम मसाला घालून दोन तास मंद आचेवर, मग नारळाचं दूध आणि खसखस-तीळ-काजूचं वाटण. पांढरा रस्सा. मटणाची सर येणार नाही पण बाहेर दोन-तीन डिग्री असताना स्टीलच्या वाटीतून तो पिताना आमच्यातल्या कुणीही तक्रार केलेली नाही, दुसऱ्या वर्षीपासून तर लोक टर्कीपेक्षा त्याचीच चौकशी करतात.

आता फिरायचं. अटलांटाहून साधारण दोनशे मैल, चार-साडेचार तास धरा. नॉक्सव्हिलकडून हायवेने जाता येतं, पण मला क्लेटन, डिलर्ड, फ्रँकलिन, चेरोकी असा ४४१ नंबरच्या हायवेचा डोंगरातून जाणारा रस्ता आवडतो. बुधवारी दुपारी निघालात तर शहरातून बाहेर पडतानाच दोन तास जातील, शक्य असेल तर सकाळी आठच्या आत निघा. चेरोकी हे ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी या आदिवासी जमातीचं गाव, तिथे थांबा, नुसतं पेट्रोलपुरतं नाही, त्यांचं म्युझियम बघायला थांबा. १८३८ मध्ये या लोकांना इथून जबरदस्तीने पश्चिमेला हाकललं आणि वाटेत हजारो माणसं मेली, जे डोंगरात टिकून राहिले त्यांचे वंशज आज इथे आहेत. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, तो शुक्रवार, सरकारी पातळीवर नेटिव्ह अमेरिकन हेरिटेज डे असतो हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं, सगळे ब्लॅक फ्रायडेच म्हणतात. इथे सणाला जेवायला बसणार असू तर हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

गाव सोडलं की लगेच ओकोनालफ्टी व्हिजिटर सेंटर, तिथल्या कुरणात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी एल्क दिसतात. आपल्या सांबरापेक्षा बरेच मोठे. हा प्राणी या भागातून पार संपला होता, २००१ मध्ये बाहेरून आणून परत सोडला. पन्नास यार्डांच्या आत जायचं नाही, एल्क असो वा अस्वल, तो नियम आहे आणि दंड होतो. आम्ही गाडीला टेकून उभे होतो, गवतावर दहिवर गोठलेलं, आणि एक नर मान वर करून उभा, त्याच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती. वीसेक मिनिटं कुणी फोटो काढायलासुद्धा बोललं नाही.

वर न्यूफाउंड गॅप, ५,०४६ फूट, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाची हद्द तिथेच. तिथून फाटा फुटतो तो कुवोहीला, ६,६४३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजारभर फूट जास्त. आधी याला क्लिंगमन्स डोम म्हणायचे, सप्टेंबर २०२४ मध्ये चेरोकी लोकांचं मूळ नाव परत दिलं, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका. पार्किंगपासून अर्धा मैल चढ, छोटा पण छाती भरून येते, वर काँक्रीटचा गोल टॉवर. तो सात मैलांचा रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च बंद असतो, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा वीकेंड ही जवळजवळ शेवटचीच संधी. पण बर्फ पडला तर आधीच बंद करतात, ४४१ पण करतात, तेव्हा सकाळी पार्कच्या साइटवर बघून निघा. पार्कमध्ये फोनला रेंज जवळपास नसतेच आणि पेट्रोल पंप एकही नाही, मॅप ऑफलाइन करून ठेवा, टाकी भरून घ्या. प्रवेश फुकट आहे पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाला पाच डॉलर, आठवड्याला पंधरा.

केड्स कोव्ह या पार्कमधल्या खोऱ्याचा अकरा मैलांचा लूप सुंदर आहे पण शनिवारी दुपारी गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात, सकाळी उजाडताच जा नाहीतर सोडून द्या. गॅटलिनबर्ग, पिजन फोर्ज या पार्कजवळच्या टुरिस्ट गावांचं लाइटिंग वगैरे एक संध्याकाळ पुरे.

केबिनवाल्याला दोन गोष्टी आधी विचारा. वर जायचा रस्ता डांबरी आहे का आणि चढ किती. आम्हाला एका वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं, खडीचा उभा चढ, रात्री दव गोठलेलं, आमची साधी सेदान मागे घसरायला लागली आणि खाली दरी. गाडी तिथेच खाली लावून सामान हातात घेऊन चढलो, पण ते दहा सेकंद मी विसरलेले नाही. दुसरं म्हणजे वयाची अट, बऱ्याच ठिकाणी बुक करणारा पंचवीस वर्षांचा लागतो, काही ठिकाणी एकवीस चालतो, आणि भाड्याच्या गाडीलाही पंचविशीच्या आत जास्त पैसे लावतात, तुम्ही स्टुडंट आहात म्हणून सांगतेय. कचरा बाहेर ठेवू नका, गाडीत खाणं ठेवू नका, नोव्हेंबरअखेर सगळी अस्वलं झोपलेली असतात असं नाही.

एक शेवटचं. अमेरिकन घरांत जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते बोलायची पद्धत असते. आपल्याकडे घरच्यांना थँक्यू म्हणतच नाहीत, म्हटलं तर आई म्हणते परक्यासारखं काय बोलतेस. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळे ताटाकडे बघत गप्प. मग नागपूरचा मित्रच बोलला, की आजी गेली त्या रात्री तुम्ही काही न विचारता माझ्या खोलीत येऊन बसलात, (हे तो सोलापूरच्या जोडप्याला म्हणाला, त्यांना कारण माहीतही नव्हतं, नुसता हा जेवायला आला नाही म्हणून ते बघायला गेले होते). वहिनी उठल्या आणि त्याच्या ताटात अजून एक वांगं वाढलं, बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हापासून आम्ही केबिन घेताना दोन पलंग जास्तीचे घेतो, ज्यांना या वीकेंडला जायला जागा नाही त्यांच्यासाठी, ऑफिसमधलं नवीन कुणी, कुणाच्या तरी युनिव्हर्सिटीतले नवे पोरं-पोरी. गेल्या वर्षी तुमच्यासारखेच दोन स्टुडंट आले होते, पहिल्या दिवशी सोफ्याच्या कडेला बसून होते. त्यातल्या एकाचा परवाच मेसेज आला की यंदा टर्कीच्या पाण्याची पहिली पाळी मला द्या, अलार्म मी लावतो.